‘ई’ काढायची मोहीम : सात कॉम्प्युटर, एक डीव्हीआर आणि दोन महिने

१२ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर आज पहिल्यांदा मागाच्या कारखान्याच्या ऑफिसात सगळा स्टाफ जागेवर. आल्या आल्या मालकांनी केबिनमध्ये बोलवलं. म्हणाले ते निळं-हिरवं ‘ई’, म्हणजे विंडोजसोबत येणारं मायक्रोसॉफ्टचं एज ब्राउझर, सगळ्या कॉम्प्युटरवरनं काढून टाक बघू, डोक्याला ताप झालाय. झालं असं की अकाउंटवाल्या काकांनी दिवाळीआधी एका पोर्टलचा पासवर्ड बदलला, ब्राउझरनं विचारलं सेव्ह करू का, काका हो म्हणाले. आज काकांनी दुसरा ब्राउझर उघडला, त्यात जुनाच पासवर्ड, पाच वेळा तोच दाबला आणि खातं लॉक. काकांना ते दोन वेगळे ब्राउझर आहेत हेच माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी इंटरनेट एकच आहे, कधी या दारानं जायचं, कधी त्या दारानं.

म्हटलं ठीक आहे, एकच दार ठेवू. आणि म्हटलं लिहूनही ठेवू या, मागच्या वेळी प्रिंटर नेटवर्कला जोडला तेव्हा काय केलं होतं ते आता कुणालाच आठवत नाही, मलासुद्धा नाही.

मशीनची मोजदाद. १ नंबर मालकांचा लॅपटॉप, विंडोज ११. २ नंबर काकांचा, विंडोज १० प्रो. ३ नंबर कोपऱ्यातला स्पेअर, विंडोज १०, ४ जीबी रॅम, दीड वर्ष बंदच होता, वर सुताच्या कोनाचं खोकं ठेवलेलं. ४ नंबर डिस्पॅचवाल्या ताईंचा, १० प्रो, त्याच्यावरनंच गाठींची लेबलं निघतात. ५ नंबर डिझाईनचा. ६ नंबर गोडाऊनमधला आणि ७ नंबर गेटवरचा, हे दोन्ही विंडोज ७. हो, अजून आहेत. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत फिरून बघा, आमच्या एकट्याकडंच नाहीत.

१४ नोव्हेंबर

कुठला ब्राउझर ठेवायचा यावर मालकांशी अर्धा तास. त्यांना क्रोम पाहिजे कारण मोबाईलवर तेच आहे, सगळं आपोआप इकडनं तिकडं येतं. पण विंडोज ७ वर क्रोम १०९ पर्यंतच चालतं, ते आलं जानेवारी २०२३ मध्ये आणि त्याच्या पुढचं बसतच नाही. म्हणजे ६ आणि ७ नंबरवर पावणेदोन वर्षं शिळं क्रोम. फायरफॉक्सची ११५ नंबरची लांब पल्ल्याची आवृत्ती, ईएसआर म्हणतात ती, विंडोज ७ वर अजून सुरक्षेचे अपडेट घेते, सध्या तरी मार्च २०२५ पर्यंत जाहीर केलंय. शिवाय फायरफॉक्सचे मेनू मराठीत येतात, गेटवरच्या मामांना तेच बरं. ठरलं: मालकांच्या लॅपटॉपवर क्रोम, बाकी सगळीकडं फायरफॉक्स.

काकांना सांगितलं की तुमच्या पीसीवरनं एज काढणार आहे. काका म्हणाले, काढ की बाबा, जमलं तर दहा वर्षं काढ.

१६ नोव्हेंबर

प्रयोग ३ नंबरवर, बिघडला तरी कुणाचं अडत नाही.

आधी सरळ रस्ता. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, एज, अनइन्स्टॉल. बटण आहे पण फिक्कट, दाबलं जात नाही. युरोपात मात्र दाबलं जातं, तिकडं डिजिटल मार्केट्स कायदा मार्च २०२४ पासून लागू झाला म्हणून तिथल्या विंडोजमध्ये एज काढता येतं. तोच कॉम्प्युटर, तीच विंडोज, फक्त पहिल्यांदा बसवताना देश कुठला निवडला त्यावर ठरतं. विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरात एक जेसन फाईल आहे, तिच्यात देशांची यादी असते आणि ती बदलली की आपणही युरोपियन होतो, असं बरेच जण करतात. मी उघडून बघितली आणि तशीच बंद केली. त्या फाईलची मालकी आधी विंडोजकडनं काढून घ्यावी लागते, आणि पुढच्या मोठ्या अपडेटला ती परत जुनी होऊ शकते. सात मशीनवर कोण हे दर दोन महिन्यांनी करत बसणार.

मग दुसरा रस्ता. प्रोग्राम फाइल्सच्या एक्स८६ वाल्या फोल्डरात मायक्रोसॉफ्ट, त्यात एज, अ‍ॅप्लिकेशन, मग आवृत्तीच्या नंबरचं फोल्डर, त्यात इन्स्टॉलर, आणि तिथं सेटअप नावाची फाईल. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून त्या सेटअपपुढं अनइन्स्टॉल, सिस्टिम लेव्हल आणि फोर्स अनइन्स्टॉल हे तीन शब्द दोन-दोन आडव्या रेघा देऊन लिहायचे. एंटर मारलं, पाच सेकंदात ‘ई’ गायब! टास्कबारवरनं, स्टार्टमधनं, सगळीकडनं. एवढं सोपं?

एवढं सोपं नाही. तीच कमांड २ नंबरवर चालवली तर कर्सर नुसता खालच्या ओळीवर आला, झालं काहीच नाही, एरर पण नाही. फरक एवढाच की ३ नंबर दीड वर्ष बंद होता, त्याच्यावरचं एज जुनं, नव्या आवृत्त्या ही कमांड ऐकत नाहीत.

एक महत्त्वाचं, ज्याला कुणाला हे करायचंय त्यानं दुसरा ब्राउझर आधी उतरवून घ्यावा. मी ३ नंबरवर एज उडवलं आणि मग लक्षात आलं की फायरफॉक्स डाउनलोड करायला ब्राउझर लागतो. पेनड्राइव्ह घेऊन काकांच्या पीसीकडं. काका नुसते बघत होते.

१८ नोव्हेंबर

आज माती खाल्ली, लिहून ठेवतो.

४ नंबरवर कमांड चालली नाही म्हणून मी टास्क मॅनेजरमधनं एजचे सगळे तुकडे बंद केले आणि ते मायक्रोसॉफ्टचं फोल्डरच, त्याच्यातलं सगळं, शिफ्ट-डिलीट. दोन फाइली हटेनात म्हणून सेफ मोडमध्ये जाऊन हटवल्या. एकदम हुशारी वाटत होती. रिस्टार्ट, फायरफॉक्स, सगळं झकास. चहा पिऊन आलो.

अकरा वाजता ताईंची हाक, दादा लेबलचं सॉफ्टवेअर पांढरं झालंय. जाऊन बघतो तर खिडकी उघडते, वरची पट्टी दिसते आणि आत नुसतं पांढरं, दुधासारखं. बटण नाही, काही नाही. बाहेर टेम्पो लागलेला, छत्तीस गाठी जायच्या होत्या आणि लेबलाशिवाय एकही हलत नाही. ताईंनी स्केचपेन घेतला आणि पुठ्ठ्यावर हातानं लिहायला सुरुवात केली, पार्टीचं नाव, साईज, डझन, वजन, एकेक. मी बाजूला बसून कपाळावर हात.

कारण दुपारी कळलं. त्या फोल्डरात एज एकटं नसतं. शेजारी एजवेबव्ह्यू म्हणून अजून एक फोल्डर असतं, ते ब्राउझर नाही, ते इंजिन आहे. हल्ली बरीच सॉफ्टवेअर आपली खिडकी स्वतः काढत नाहीत, वेब पान बनवतात आणि या वेबव्ह्यूला सांगतात तूच दाखव. नवं आउटलुक, नवं टीम्स तसंच चालतं, आणि आमचं लेबलचं पण तसंच निघालं. मी ‘ई’ काढता काढता इंजिनच उचलून भंगारात घातलं होतं.

छत्तीस लेबलं ताईंनी हातानं लिहिली. मला एक शब्द बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

२० नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी लवकर मत टाकलं आणि शाई लागलेलं बोट घेऊन थेट कारखान्यात, वॉचमन मामा गेटवर आणि मी आत, तिसरं कुणी नाही.

माग बंद असले की ऑफिस वेगळंच वाटतं. एरवी भिंतीपलीकडं खडाखडा चालू असतं, आपण ते ऐकतोय हेही विसरलेलो असतो, फोनवर ओरडून बोलायची सवय घरी पण सुटत नाही. आज ४ नंबरचा पंखा घरघरतोय ते कळलं, आत बोटभर कापसाचा भुसा होता. ब्रशनं साफ केला.

वेबव्ह्यूचा पूर्ण इन्स्टॉलर काल रात्रीच घरी उतरवून ठेवला होता, तो पेनड्राइव्हवरनं ४ नंबरवर टाकला. लेबलचं सॉफ्टवेअर उघडलं, पांढरं गेलं, बटणं आली. एक टेस्ट लेबल काढून ताईंच्या टेबलावर ठेवलं, खाली ‘सॉरी’ लिहून.

मग नियम ठरवला, आता कुठंही उपटाउपटी नाही. २, ५ आणि १ वर एज असू दे, फक्त कुणाच्या हाताला लागणार नाही आणि आपणहून उठणार नाही असं करायचं.

आधी बुकमार्क आणि पासवर्ड. फायरफॉक्सच्या इम्पोर्टमध्ये एज निवडलं की बुकमार्क येतात. पासवर्ड एजमधनं सीएसव्ही फाईल काढून आणले, आणि ही फाईल उघडली की सगळे पासवर्ड साध्या अक्षरात दिसतात, वहीत लिहिल्यासारखे. इम्पोर्ट झालं की लगेच शिफ्ट-डिलीट, रिसायकल बिनमध्ये पण ठेवायची नाही. काकांच्या पीसीवर एकाच पोर्टलचे तीन वेगळे पासवर्ड निघाले. १२ तारखेचं लॉक इथंच शिजलं होतं.

मग एजचं स्टार्टअप बूस्ट, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताच आपणहून उठून बसणं, बंद, ब्राउझर बंद केल्यावर पाठीमागं चालत राहायची परवानगी बंद. ५ नंबरला याचा फरक लगेच जाणवला, ४ जीबी रॅमच्या मशीनला तेवढंच पुष्कळ.

२२ नोव्हेंबर

डिफॉल्टचा दिवस, म्हणजे लिंक दाबली की आपोआप कुठला ब्राउझर उघडायचा ते ठरवायचा. विंडोज १० वर सोपं आहे, डिफॉल्ट अ‍ॅप्समध्ये वेब ब्राउझरच्या खाली एक क्लिक. मालकांच्या विंडोज ११ वर, २०२१ मध्ये ती आली तेव्हा, एचटीएम वेगळं, एचटीएमएल वेगळं, एचटीटीपी वेगळं असं एकेकाला सांगावं लागायचं. २०२२ च्या अपडेटनंतर वर ‘सेट डिफॉल्ट’ बटण आलं. पण पीडीएफ त्यात धरलेला नसतो, तो स्वतंत्रच सांगावा लागतो, आणि आमच्याकडं निम्मा दिवस पीडीएफच उघडायचा असतो, इन्व्हॉइस, ई-वे बिल, बँकेचे कागद. ब्राउझर बदलला तरी लोक म्हणतात ‘ई’ परत उघडलं, ते बहुतेक वेळा पीडीएफमुळं.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सेटिंग जिथं लिहून ठेवते तिथं, हात घालून डिफॉल्ट बदलायच्या भानगडीत पडू नका. तिथं प्रत्येक निवडीसोबत एक हॅश, म्हणजे पडताळणीचा शिक्का, असतो, तो जुळला नाही तर विंडोज म्हणते डिफॉल्टमध्ये गडबड होती म्हणून रिसेट केलं, आणि परत मूळपदावर. प्रोवाल्या मशीनवर मी वेगळं केलं, एका पीसीवर सगळं मनासारखं लावलं, डिझम कमांडनं त्याची एक्सएमएल फाईल काढली आणि ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजच्या नियमांच्या यादीत, त्या फाईलचा पत्ता दिला. आता कुणी काहीही बदलू दे, पुढच्या लॉगिनला परत आमचंच. होम आवृत्तीवर हातानं.

राहिलं स्टार्ट मेनूचं सर्च. तिथं काही टाइप करून वेबचा निकाल दाबला तर तो एजमध्येच उघडतो, डिफॉल्ट कुणीही असो, कारण ती लिंक एचटीटीपीनं सुरूच होत नाही, मायक्रोसॉफ्ट-एज या स्वतःच्या शब्दानं सुरू होते. पूर्वी एजडिफ्लेक्टर नावाचं छोटं सॉफ्टवेअर ती लिंक मधल्या मध्ये पकडून आपल्या ब्राउझरकडं वळवायचं, २०२१ च्या शेवटी तो रस्ता विंडोजनं बंद केला. मी सर्चमधनं वेबच काढून टाकलं, त्याला रजिस्ट्रीत एक पॉलिसी आहे, सर्च बॉक्सच्या सूचना बंद करायची. आता स्टार्टमध्ये शोधलं तर फक्त आपल्या फाइली. टास्कबारवरचं बातम्या-हवामान पण बंद. हवामान काय बघायचं सोलापुरात, ऊन आहे एवढं पुरे.

आणि जाता जाता ६ नंबरवर, विंडोज ७ वर, कंट्रोल पॅनलमधल्या ‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन इंटरनेट एक्स्प्लोरर ११ ची, मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ब्राउझरची, खूण काढली. तो तर मेलेलाच आहे म्हटलं.

२६ नोव्हेंबर

मेलेला नव्हता.

सकाळी नऊला फोन. पार्टीकडं काल चाळीस गाठी पाठवल्या, तिकडं अडतीसच पोचल्या म्हणे. टेम्पोवाला म्हणतो मी मोजूनच घेतल्या, आमचा गोडाऊनवाला म्हणतो मी मोजूनच दिल्या. मालक म्हणाले भांडता कशाला, कॅमेरा बघा.

कॅमेऱ्याचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, दहा-अकरा वर्षं जुना, कुठल्या कंपनीचा ते स्टिकर पण आता पुसलंय. त्याचं पान ६ नंबरवरच उघडतं. फायरफॉक्समध्ये पत्ता टाकला, लॉगिन आलं, पासवर्ड घेतला, आणि पुढं एक ओळ: प्लगइन उतरवा. उतरवलं, बसवलं, परत तीच ओळ. कारण ते प्लगइन म्हणजे मायक्रोसॉफ्टचं जुनं तंत्र, अ‍ॅक्टिव्हएक्स, आणि अ‍ॅक्टिव्हएक्स फायरफॉक्सला कळत नाही, क्रोमला कळत नाही, कळायचं ते एकट्या एक्स्प्लोररला. आणि तो मी शुक्रवारी काढला होता. आठवडाभरात दुसऱ्यांदा सगळं ऑफिस माझ्याकडं बघत उभं.

विंडोज फीचर्समध्ये जाऊन खूण परत लावली, रिस्टार्ट. सीडी मागितली नाही, इंटरनेट मागितलं नाही, मिनिटात एक्स्प्लोरर हजर, जुनी फेव्हरिट्स सुद्धा जशीच्या तशी. म्हणजे गेला कुठंच नव्हता, ती खूण काढली की फक्त दारावरची पाटी उतरते. पान रंगवणारं इंजिन, एमएसएचटीएमएल नावाची फाईल, ती जागेवरच असते कारण विंडोजचे बाकीचे भाग पण तीच वापरतात.

यावरनं जुनी गोष्ट आठवली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या सरकारनं मायक्रोसॉफ्टवर खटला भरला तेव्हा वाद हाच होता. कंपनी म्हणत होती एक्स्प्लोरर हा विंडोज ९८ चाच भाग आहे, वेगळा काढता येणार नाही. सरकारच्या बाजूनं प्रिन्स्टनचे प्रोफेसर एडवर्ड फेल्टन यांनी एक प्रोग्राम लिहून दाखवला, हा बघा काढला. कंपनीचं म्हणणं, काढला नाही, लपवलाय, कोड आतच आहे. २००० मध्ये न्यायाधीश जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करायचा आदेश दिला, २००१ मध्ये वरच्या कोर्टानं तो रद्द केला आणि शेवटी समझोता झाला. त्यातनं विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅकमध्ये, म्हणजे मोठ्या अपडेटमध्ये, डिफॉल्ट प्रोग्राम निवडायचं आणि एक्स्प्लोरर लपवायचं पान आलं. युरोपनं पुढं २०१० मध्ये ब्राउझर निवडायची खिडकीच दाखवायला लावली, विंडोज ७ च्या एका सर्व्हिस पॅकमध्ये ती खिडकी राहून गेली म्हणून २०१३ मध्ये ५६ कोटी १० लाख युरो दंड. तेव्हा पेपरात वाचताना वाटायचं एवढ्या मोठ्या माणसांनी एका आयकॉनवरनं काय भांडावं. आज गोडाऊनमध्ये स्टुलावर बसून दोन्ही बाजूंचं पटलं.

फुटेज बघितलं. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं, टेम्पोत अडतीस गाठी चढल्या, मग लाईट गेली, कॅमेरा काळा. लाईट आली तेव्हा टेम्पो निघून चाललेला. दोन गाठी गोडाऊनमध्येच ताडपत्रीमागं सापडल्या. टेम्पोवाल्याला मालकांनी स्वतः फोन करून सांगितलं, आणि गोडाऊनवाला उरलेला दिवस कुणाशी बोलला नाही.

२७ नोव्हेंबर

६ नंबर कधी ना कधी भंगारात जाणार, तेव्हा डीव्हीआर विंडोज १० वर बघता यायला पाहिजे. तिथं एक्स्प्लोरर नाहीच. १५ जून २०२२ ला त्याचा सपोर्ट संपला आणि १४ फेब्रुवारी २०२३ च्या एजच्या अपडेटनं तो विंडोज १० वर कायमचा बंद केला, आता दाबला तर एजच उघडतं. पण एजच्या पोटात ‘आयई मोड’ (आयई म्हणजे इंटरनेट एक्स्प्लोरर) म्हणून सोय आहे, जुनी पानं जुन्या इंजिनात उघडायची, ती निदान २०२९ पर्यंत ठेवू असं कंपनीनं सांगितलंय.

म्हणजे डीव्हीआरसाठी एज पाहिजे. आणि कॅमेरा बघायची जागा म्हणजे डिस्पॅच, ४ नंबर, जिथनं मी सेफ मोडमध्ये जाऊन एजचं बूड उपटलं होतं.

तर आज दुपारी तीन वाजता मी फायरफॉक्स उघडला, त्यात एज डाउनलोड केलं आणि माझ्या हातानं बसवलं. ताई शेजारीच होत्या. म्हणाल्या, दादा हे तेच ना, जे तुम्ही काढलं होतं? म्हटलं हो ताई, तेच.

सेटिंग: एजमध्ये डिफॉल्ट ब्राउझरच्या पानावर ‘आयई मोडमध्ये परत उघडू द्या’ ला परवानगी, खाली यादीत डीव्हीआरचा पत्ता. कंट्रोल पॅनलमध्ये इंटरनेट ऑप्शन्स अजून आहे, एक्स्प्लोरर गेला तरी त्याचा हा बोर्ड भिंतीवर तसाच, तिथं ट्रस्टेड साइट्समध्ये पत्ता टाकला आणि अ‍ॅक्टिव्हएक्सला परवानगी फक्त तेवढ्यासाठी. आठही कॅमेरे दिसले. डेस्कटॉपवर त्या पानाचा शॉर्टकट केला, नाव ठेवलं ‘कॅमेरा’. ‘ई’ शब्द कुठं येऊ दिला नाही.

३ डिसेंबर

काका दोन दिवस रजेवर होते, आज आले, पीसी चालू केला आणि पहिलं वाक्य: अरे, इंटरनेट कुठं गेलं? म्हटलं आहे की काका, हे बघा, केशरी कोल्हा. काका म्हणाले हे इंटरनेट नाही, इंटरनेट निळं असतं.

पाच मिनिटं समजावलं, ब्राउझर म्हणजे काय, इंटरनेट म्हणजे काय. काका मान हलवत होते पण चेहरा सांगत होता की काही शिरत नाहीये. शेवटी शॉर्टकटवर राईट क्लिक, रीनेम, मराठीत टाइप केलं ‘इंटरनेट’. काका म्हणाले, हां, हे बघा की ओ, आता कसं. चष्मा लावून कामाला लागले.

संध्याकाळी सगळ्या मशीनवर तेच नाव केलं. एवढी साधी गोष्ट पहिल्याच दिवशी का सुचली नाही.

११ डिसेंबर

जीएसटीआर-१ ची, म्हणजे जीएसटीच्या विक्रीच्या विवरणाची, शेवटची तारीख. आज काहीही बदलायचं नाही असं मीच बोर्डावर लिहिलं होतं. तरी एक अडचण निघाली, मालकांच्या डिजिटल सहीच्या टोकनचं मदतनीस सॉफ्टवेअर काकांच्या फायरफॉक्समध्ये ओळखलं जाईना. ते सॉफ्टवेअर आपलं सर्टिफिकेट विंडोजच्या पेटीत ठेवतं, आणि फायरफॉक्सची सर्टिफिकेटची पेटी स्वतःची वेगळी. फायरफॉक्सच्या प्रायव्हसीच्या पानावर एक खूण असते, तिसऱ्या पार्टीची सर्टिफिकेटं आपोआप मानायची, ती लावली आणि ब्राउझर बंद करून परत उघडला. सही झाली. वेळ संध्याकाळचे पाच वाजून पन्नास मिनिटं. काकांनी डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं केली, सकाळपासून कुणी जेवलं नव्हतं.

१९ डिसेंबर

३ नंबरला महिनाभराचे अपडेट दिले. रिस्टार्टनंतर ‘ई’ परत आलं, टास्कबारवर, ऐटीत. अपेक्षित होतं, विंडोज त्याला सिस्टिमचा भाग धरते, घरातला खांब गायब दिसला की ती परत उभा करणारच. या वेळी काढलं नाही, बाकीच्यांसारखंच बूस्ट बंद, डिफॉल्ट फायरफॉक्स, टास्कबारवरनं अनपिन. एजच्या अपडेटनं डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवू नये यासाठी पण एक पॉलिसी असते, ती सगळीकडं लावली.

२७ डिसेंबर

डिस्पॅचवरनं फोन, कॅमेरा दिसत नाही, परत प्लगइन मागतोय.

मी काही केलेलं नाही! पहिल्यांदा मनात तेच आलं, शपथेवर सांगतो. एज उघडून यादी बघितली तर डीव्हीआरच्या पत्त्यापुढं मुदत संपल्याची तारीख. आयई मोडच्या यादीत आपण हातानं टाकलेला पत्ता फक्त तीस दिवस टिकतो. २७ नोव्हेंबरला टाकला होता. मी सेटिंग करताना तो कॉलम दिसला होता, वाचला नव्हता.

परत टाकला, कॅमेरे आले. मोबाईलवर रिमाइंडर लावला, दर महिन्याच्या २६ तारखेला, ‘डीव्हीआर’. पण हे काही खरं नाही.

४ जानेवारी २०२५

तीस दिवसांवर पक्का इलाज. आयई मोडसाठी साईट लिस्ट नावाची एक्सएमएल फाईल स्वतः लिहिता येते, नऊ-दहा ओळींची, त्यात डीव्हीआरचा पत्ता आणि पुढं हे आयई११ मध्ये उघड असं. ती सी ड्राइव्हवर ठेवली आणि ग्रुप पॉलिसीत दोन गोष्टी दिल्या, इंटरनेट एक्स्प्लोरर इंटिग्रेशन चालू आणि लिस्टचा पत्ता. अशा लिस्टला मुदत नाही. एजच्या कंपॅट नावाच्या आतल्या पानावर जाऊन बघितलं, लिस्ट उचललीय. एका ठिकाणी मी कंस बंद करायचा विसरलो होतो, त्यात पाऊण तास गेला, ते सोडा.

९ जानेवारी

७ नंबर, गेटवरचा. त्यावर फक्त गाडी नंबर लिहायचे आणि मेल बघायची, विंडोज ७ ठेवायचं कारणच नाही. मालकांना म्हटलं विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकतो, पैसे लागत नाहीत. मालक म्हणाले पैसे लागत नसतील तर अजून दोनवर टाक. म्हटलं आधी एक बघू.

मिंट बसलं वीस मिनिटांत. फायरफॉक्स आधीपासून असतोच. आणि आता ज्याच्यासाठी दोन महिने डोकं फोडलं ते इथं करून बघायचा मोह आवरला नाही. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडला, फायरफॉक्स, रिमूव्ह, पासवर्ड. गेला. खरोखर गेला. क्रोमियम टाकलं, चालवलं, काढलं, फायरफॉक्स परत टाकला. कुणी विचारलं नाही, कुणी परत आला नाही, कुठलं लेबल पांढरं झालं नाही. शेडमध्ये जेकार्डची डिझाईन बदलायची असली की जॉबर पुठ्ठ्यांची एक माळ उतरवतो आणि दुसरी चढवतो, मागाला त्याचं काही वाटत नाही, तसंच.

गेटवरचे मामा विचारत होते, काय करलालाव साहेब मघापासनं, काढलालाव आन् घाललालाव? म्हटलं मामा, मजा.

१३ जानेवारी

सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा. कारखाना बंद, मी सकाळपासून संमती कट्ट्यापाशी, नोंद नाही.

१६ जानेवारी

सध्याची स्थिती, पुढच्या माणसासाठी. १ वर क्रोम. २, ३, ५ वर फायरफॉक्स, एज आत झोपलेलं, उठवू नये. ४ वर फायरफॉक्स, आणि एज फक्त ‘कॅमेरा’साठी, त्याला आणि वेबव्ह्यूला हात लावायचा नाही, मॉनिटरच्या खाली चिठ्ठी चिकटवलीय. ६ वर फायरफॉक्स ईएसआर आणि एक्स्प्लोरर, मार्चच्या आत हा पीसी बदलायचा, मालकांना दोनदा सांगून झालंय. ७ वर मिंट. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, ते दिवाळीच्या तोंडावरच येतंय, तेव्हा नवीन वही.

मोबाईलवरचा २६ तारखेचा रिमाइंडर आता लागत नाही म्हणून काढायला गेलो. मग म्हटलं राहू दे, एकदा २६ तारीख जाऊ दे.

काकांनी घरचा लॅपटॉप आणून ठेवलाय टेबलावर. त्याच्यावर पण ‘इंटरनेट’ लिहून पाहिजे.